दूरध्वनीवरचे तोतये

(नभोवाणीवरील भाषण)

मराठी भाषेंत 'तोतया' हा शब्द अजून जिवंत आहे, याचें कारण आपल्या इतिहासांत आहे. १४ जानेवारी १७६१ रोजीं सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. परंतु ते पडले ही गोष्ट पुण्यांत अनेकांच्या मनाला पटली नाहीं. पार्वतीबाईंनीं तर आपलें सौभाग्यलेणें उतरविलें नाहीं. लोकांच्या या न पटण्याचा फायदा एका उत्तर हिंदुस्थानी माणसानें घेतला. 'मीच भाऊ' असें तो सांगूं लागला. त्याला धरून रत्नागिरीच्या किल्ल्यांत ठेवलें होतें. पण १७७६ सालीं तेथील अधिकाऱ्यानेंच त्याला मोकळें केलें, आणि पाहतां पाहतां कोंकणांतले किल्ले व हजारों माणसें या नव्या भाऊसाहेबांच्या निशाणाखालीं गेलीं. पुढें पेशव्यांच्या फौजेनें त्याचा मोड केला, रघूजी आंग्र्यांनीं त्याला पकडलें, आणि त्याच सालाच्या अखेरीस पुण्यास त्याला देहदंड झाला. नरसिंह चिंतामण केळकरांचें 'तोतयाचें बंड' हें नाटक आपल्यापैकीं कांहींनीं वाचलें असेल. तें याच प्रकरणावरचें.

हें प्रकरण वर्गांत शिकवितांना मुलें बहुधा एकच प्रश्न विचारीत: "एवढीं माणसें फसलीं कशीं?" मी सांगत असें कीं, भाऊंचा चेहरा ओळखणारीं माणसें थोडीं होतीं, भाऊंचें नांव ओळखणारीं पुष्कळ होतीं; आणि तोतया चेहऱ्यावर जगत नाहीं, नांवावर जगतो. हें उत्तर मला त्या वेळीं पुरेसें वाटे. माझ्या एका जुन्या सहकाऱ्यावर जो प्रसंग गुदरला, त्यानंतर तें अपुरें वाटूं लागलें आहे.

हे गृहस्थ गणिताचे शिक्षक. मुलांच्या वह्यांतील एका पैचीहि चूक त्यांनीं कधीं सोडली नाहीं. एके सकाळीं त्यांना दूरध्वनि आला. बोलणारा म्हणाला, 'मी पोलीस अधिकारी. तुमच्या नांवानें परदेशीं पाठविलेल्या एका पुडक्यांत अंमली पदार्थ सांपडले आहेत. तुमचें आधार कार्ड त्या पुडक्याला जोडलेलें आहे. चौकशी पुरी होईपर्यंत तुम्ही डिजिटल अटकेंत आहां. मोबाइलवरचें चित्र बंद करावयाचें नाहीं, खोलीबाहेर जावयाचें नाहीं, आणि घरांतहि कोणापाशीं बोलावयाचें नाहीं.' पडद्यावर गणवेश दिसत होता. मागें कचेरीची पाटीहि दिसत होती. दोन दिवस हे गृहस्थ आपल्याच घरांत कैदी होऊन बसले. पत्नीला, 'पेन्शनचें कांहीं काम निघालें आहे,' एवढेंच सांगितलें. आणि जन्मभराच्या ठेवींपैकीं मोठा भाग 'तपासणीसाठीं' म्हणून त्यांनीं स्वतःच्या हातानें चार अनोळखी खात्यांत पाठवून दिला. पुढें काय झालें, त्याकडे मी मागाहून येईन. आधीं या नव्या तोतयांची वंशावळ पाहूं.

आपल्या देशांत टेलिफोनचीं एक्स्चेंजें १८८२ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास या शहरीं उघडलीं. त्या काळीं, आणि पुढेंहि पुष्कळ वर्षें, बोलणाऱ्या दोन माणसांच्या मध्यें एक तिसरें माणूस बसलेलें असे. तारा जोडणारा तो ऑपरेटर कधीं वैतागलेला असेल, कधीं डुलकी घेत असेल. पण कोणाचा फोन कोठून आला हें निदान त्याला तरी ठाऊक असे. १९६० सालीं कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान ग्राहकानें स्वतःच क्रमांक फिरवून परगांवीं बोलण्याची सोय झाली, आणि तेथपासून हा मधला माणूस हळूहळू नाहींसा झाला. दारावर आलेल्या अनोळखी इसमाला आपण ओसरीवरच थांबवितों. फोन मात्र ओसरी, माजघर, देवघर हीं सारीं ओलांडून थेट कानाशीं येतो.

टेलिफोनवरच्या तोतयेगिरीचें आपल्याकडील सर्वांत गाजलेलें प्रकरण २४ मे १९७१ या दिवशींचें आहे. दिल्लींत पार्लमेंट स्ट्रीटवरील स्टेट बँकेच्या शाखेंत मुख्य रोखपालास फोन आला. पंतप्रधानांचे सचिव पी. एन. हक्सर बोलत आहेत असें प्रथम सांगण्यांत आलें. मग खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यासारखा आवाज ऐकूं आला. बांगलादेशाच्या गुप्त कामासाठीं ६० लाख रुपये ताबडतोब पाहिजेत. ठरलेला सांकेतिक शब्द जो सांगेल त्याच्या हवालीं करा. पावती मागाहून न्या. पूर्व बंगालांत त्या वेळीं रक्तपात चालला होता, निर्वासितांचे लोंढे येत होते. असें कांहीं गुप्त काम असेल हें कोणालाहि खरें वाटावें असेच ते दिवस. रोखपालानें पैशांची पेटी मोटारींत घातली आणि नेऊन दिली. घेणारा रुस्तम सोहराब नगरवाला; हा पूर्वीं लष्करांत कॅप्टन होता. पावती घेण्यासाठीं रोखपाल वर गेला, तेव्हां असा फोन कोणी केलाच नव्हता असें त्याला कळलें. त्याच दिवशीं पोलिसांत वर्दी गेली, त्याच रात्रीं नगरवाला सांपडला, आणि जवळजवळ सारी रक्कम परत हातीं आली. त्याला चार वर्षांची सक्तमजुरी झाली. मार्च १९७२ मध्यें कैदेंत असतांनाच तो वारला. तपास करणारा पोलीस अधिकारी त्याआधींच मोटारीच्या अपघातांत मरण पावला होता. पुढें १९७७ सालीं न्यायमूर्ति जगनमोहन रेड्डी यांचा चौकशी आयोग नेमला गेला, पण लोकांच्या मनांतले सगळे संशय त्यालाहि फेडतां आले नाहींत.

यांतील राजकारण मी बाजूला ठेवतों. त्यावर वाद करणारे बरेच आहेत. माझ्या दृष्टीनें महत्त्वाचें तें निराळेंच. मोठें नांव, गुप्त काम आणि तांतडी, ही सामग्री १९७१ सालीं जी होती तीच माझ्या गणितज्ञ मित्राच्या बाबतींत होती. तींत कवडीचीहि भर पडलेली नाहीं. फरक पडला आहे तो पैशाच्या चालींत. ६० लाखांची पेटी वजनदार होती. ती उचलायला माणूस लागला, न्यायला मोटार लागली, लपवायला जागा लागली. आणि तेवढ्या अवधींत वर्दीनें तिला गांठलें. आपल्या जुन्या सावकारींत तर पैशाला मुद्दाम सावकाश चालविलें जाई. दर्शनी हुंडी दाखवितांच पटावयाची, पण मुदती हुंडीला दिवस मोजावे लागत. हुंडी गहाळ झाली तर पेठ, पेठहि गहाळ झाली तर परपेठ, असा कागदोपत्रीं पहारा असे. एप्रिल २०१६ मध्यें यूपीआय ही पद्धति सुरू झाली, आणि पैसा एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच जाऊं लागला. भाजीवाल्यापासून औषधवाल्यापर्यंत सर्वांची मोठी सोय झाली, यांत शंका नाहीं. पण चोराची पेटीहि त्याच दिवशीं बिनवजनाची झाली.

मोबाइलचा पहिला फोन आपल्या देशांत ३१ जुलै १९९५ रोजीं झाला. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योति बसू हे दिल्लीच्या सुखराम मंत्र्यांशीं बोलले. त्या काळीं मिनिटास सोळा रुपयांच्या घरांत खर्च येई, आणि आलेल्या फोनालाहि पैसे पडत. म्हणून श्रीमंतांच्या खिशाबाहेर हें यंत्र गेलें नाहीं. १ मे २००३ पासून आलेला फोन फुकट झाला. मग हें यंत्र गांवोगांव पोहोंचलें, आणि येथून आपल्या विषयाचा भूगोल सुरू होतो.

झारखंडांतील जामताडा हा जिल्हा २००१ सालीं दुमका जिल्ह्यांतून वेगळा काढला गेला. हावडा-दिल्ली लोहमार्गावरचा हा मुलूख. शेती पावसावर, उद्योगधंदे बेताचे. या जिल्ह्यांत करमाटाड नांवाचें गांव आहे. ईश्वरचंद्र विद्यासागरांनीं आयुष्याच्या उत्तरार्धांत सुमारें १८ वर्षें या गांवीं काढलीं. संथाळांच्या मुलींसाठीं त्यांनीं तेथें शाळा चालविली, गोरगरिबांना होमिओपथीचीं औषधें दिलीं. तेथील रेल्वेस्थानकाला आज विद्यासागरांचेंच नांव आहे. आणि गेल्या दशकांत सगळ्या देशाला हाच परिसर ठाऊक झाला तो मात्र फोनवरच्या ठकबाजीसाठीं! इतिहास शिकविणाऱ्या माणसाला हें वाचतांना कसें वाटतें, तें शब्दांत सांगणें कठीण आहे.

जामताड्याची रीत साधी होती. थोडेंफार शिकलेला तरुण गांवाबाहेर झाडाखालीं बसे व क्रमाक्रमानें फोन लावी. 'बँकेंतून बोलतों, तुमचें एटीएम कार्ड बंद पडलें आहे, चालू करून देतों, कार्डावरचे आंकडे सांगा, आतां मोबाइलवर आलेला ओटीपीहि सांगा.' शंभरांनीं शिव्या दिल्या तरी एकानें आंकडे सांगितले कीं दिवस भागला. या धंद्याला भांडवल म्हणून दुसऱ्याच्या नांवावर घेतलेलें सिम कार्ड पुरे, आणि लूट ठेवण्याला कोणा गरिबाचें भाड्यानें घेतलेलें बँक खातें पुरे. हीं भाड्याचीं खातीं म्हणजे या साऱ्या व्यापाराचा कणा होय. त्यांची गोष्ट पुढें येणार आहे.

दिल्लीच्या दक्षिणेस मेवात. हरियाणाचा नूह जिल्हा, राजस्थानांतील अलवर व भरतपूर, उत्तर प्रदेशांतील मथुरा यांच्या सीमा येथें एकमेकींत गुंतल्या आहेत. पितळेची वीट सोन्याची म्हणून विकण्याची 'टटलू' नांवाची लबाडी या भागांत पूर्वींपासून प्रसिद्ध होती. फोन आल्यावर तीच विद्या नव्या वेषांत आली. जुन्या वस्तूंच्या जाहिराती पाहून 'मी लष्करांतला जवान, बदली झाली आहे, मोटारसायकल स्वस्तांत देतों' असें सांगणारे निघाले. 'पैसे पाठवितों, हें चौकोनी चित्र तेवढें टिपा' म्हणून उलट पैसे काढून घेणारे निघाले. पैसे घेण्यासाठीं क्यूआर चित्र टिपावें लागत नाहीं, ओटीपी किंवा पिन द्यावा लागत नाहीं. तें पैसे देतांना लागतें. एवढी एक गोष्ट लक्षांत न आल्यानें कित्येक सुशिक्षित फसले. याच भागांतून पुढें चित्रध्वनीवर बाईचें रूप दाखवून प्रतिष्ठितांना अब्रूच्या भीतीनें लुटण्याचा किळसवाणा प्रकार फैलावला. एप्रिल २०२३ मध्यें हरियाणाच्या सुमारें ५,००० पोलिसांनीं एका रात्रींत नूहच्या १४ गांवांवर छापे घातले, यावरून या उद्योगाचा विस्तार ध्यानांत यावा.

आयआयटी कानपूरच्या आश्रयानें वाढलेल्या फ्यूचर क्राइम रिसर्च फाउंडेशन या संस्थेनें २०२३ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. देशांतल्या सायबर गुन्ह्यांपैकीं सुमारें ८० टक्के गुन्हे दहा जिल्ह्यांतून उगवतात, असें तींत आढळलें: भरतपूर १८ टक्के, मथुरा १२, नूह ११, देवघर १०, आणि जामताडा ९.६. म्हणजे जामताड्याचें नांव मोठें असलें तरी त्याचा क्रमांक पांचवा लागला. या आंकड्यांवरून कोणत्याहि जिल्ह्यांतल्या समस्त लोकांना चोर ठरविणें हा मात्र अन्याय होईल. अशा जिल्ह्यांतहि बहुतेक माणसें आपल्यासारखींच राबून खाणारीं असतात, आणि त्यांच्या मुलांना बाहेरगांवीं गांवाचें नांव सांगण्याचीहि लाज वाटूं लागते.

तशी लाज वाटण्याची पाळी आपल्यावरहि एकदां आली होती, ती आपण लौकर विसरलों. ऑक्टोबर २०१६ मध्यें ठाणें पोलिसांनीं मिरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथें शेंकडों तरुण-तरुणी रात्रीं कामाला बसत, अमेरिकन नांवें धारण करीत, आणि अमेरिकेंतल्या वृद्ध लोकांना फोन करून, 'तुमचा प्राप्तिकर थकला आहे, आतांच भरा, नाहींतर पोलीस दाराशीं येतील' असा दम देत. सत्तरांच्या सुमारास लोकांना अटक झाली. अमेरिकेच्या न्यायालयांतहि खटले उभे राहिले व २०१८ सालीं कित्येकांना शिक्षा झाल्या. कोणाला वीस वर्षांपर्यंतहि. त्या तरुणांचे इंग्रजी उच्चार आमच्याच शाळांतून घडलेले होते, हें मला विसरतां येत नाहीं. पोलिसांच्या धाकानें अमेरिकेंतल्या म्हाताऱ्यांना त्या वेळीं इकडून लुबाडलें गेलें. त्याच युक्तीनें आज इकडचे म्हातारे लुबाडले जात आहेत.

आजची मोठी टोळधाड येते ती मात्र याहून दूरच्या प्रदेशांतून. कंबोडिया, लाओस आणि म्यानमार या देशांत तटबंदी घातलेल्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. म्यानमारमधील म्यावड्डी हें त्यांतलें एक ठिकाण. नोकरीच्या आमिषानें नेलेल्या तरुणांचे पासपोर्ट तेथें काढून घेतले जातात आणि त्यांना मारहाणीच्या धाकानें फोनला बसविलें जातें. मार्च २०२५ मध्यें भारत सरकारनें अशा ५४९ भारतीयांना वायुदलाच्या दोन विमानांनीं परत आणलें. म्हणजे 'मी पोलीस अधिकारी' असें दरडावणारा आवाज कधीं कधीं स्वतःच कोणाच्या तरी कैदेंत असतो! केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर केंद्रानें दिलेल्या माहितीप्रमाणें, जानेवारी ते एप्रिल २०२४ या चार महिन्यांत अशा फसवणुकीचा ४६ टक्के भाग या तीन देशांतून आलेला होता, आणि निव्वळ 'डिजिटल अटकेच्या' नांवाखालीं लोकांचे १२० कोटींहून अधिक रुपये गेले होते. २७ ऑक्टोबर २०२४ रोजीं पंतप्रधानांनीं नभोवाणीवरील आपल्या 'मन की बात'मध्यें याच अटकेविषयीं देशाला सावध केलें होतें. तरीहि २०२४ सालभरांत सर्व प्रकारच्या सायबर ठकबाजींत नागरिकांनीं २२,८४५ कोटि रुपये गमावल्याचें सरकारनें लोकसभेंत सांगितलें. आदल्या वर्षीं हाच आंकडा ७,४६५ कोटि होता.

एक गोष्ट येथें स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या कायद्यांत डिजिटल अटक नांवाची वस्तुच नाहीं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचें ४३ वें कलम अटक कशी करावी हें सांगतें: मनुष्य आपण होऊन स्वाधीन होत नसेल तर त्याच्या देहाला प्रत्यक्ष स्पर्श करून किंवा त्याला रोखून ती करावी लागते. पडद्यावरून कोणी कोणाला स्पर्श करूं शकत नाहीं.

आतां या गुन्ह्यांची वर्दी कशी द्यावी, याकडे वळूं. पण तेथेंहि इतिहासाची वाट धरावी लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत वाटमारी करणाऱ्या ठगांचा बंदोबस्त करतांना कंपनी सरकारपुढें मोठी अडचण हद्दीची होती. ठग एका संस्थानांत राहात, दुसऱ्यांत वाटसरूला मारीत व लूट तिसऱ्यांत विकीत. कोणत्या न्यायालयानें त्यांना शिक्षा द्यावी? १८३६ च्या ३० व्या कायद्यानें ही गांठ तोडली. ठगांच्या टोळींत असणें हाच गुन्हा ठरला, मग तो कंपनीच्या मुलखांत घडो वा बाहेर. या कामांत नांवारूपाला आलेल्या कॅप्टन स्लीमननें ठगांचीं जीं वर्णनें लिहून ठेवलीं, त्यांत अतिशयोक्ति पुष्कळ आहे असें नंतरच्या इतिहासकारांचें मत आहे, आणि तें मला बरेंचसें पटतें. त्या कायद्यांत निरपराधीहि भरडले गेले असतील. पण हद्दीची अडचण खरी होती. फोनवरच्या ठगांनीं तीच नव्यानें उभी केली: फसलेला माणूस पुण्याचा, फोन नूहचा, सिम आसामचें, खातें सुरतेचें. 'हा गुन्हा आमच्या हद्दींतला नाहीं' असें ऐकून परत फिरलेलीं माणसें मीं पाहिलीं आहेत.

यावर दोन उपाय झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या १७३ व्या कलमान्वयें गुन्हा कोणत्याहि हद्दींत घडलेला असला तरी त्याची खबर जवळच्या पोलीस ठाण्यांत देतां येते, आणि ती आपण मराठींत लिहून द्यावी, यांत कसलाहि संकोच नको. डिजिटल अटकेच्या प्रकरणांचा तपास तर १ डिसेंबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सीबीआयकडे सोंपविला. दुसरा उपाय याहून जलद आहे. १९३० हा दूरध्वनि क्रमांक. २०२१ सालीं ही मदतवाहिनी निराळ्या क्रमांकानें सुरू झाली, पुढें तिला हा सुटसुटीत आंकडा मिळाला. पैसे गेले असें कळतांच प्रथम हाच क्रमांक फिरवावा. आपलें खातें, गेलेली रक्कम, वेळ, आणि व्यवहाराचा क्रमांक, जो बँकेच्या संदेशांत आलेला असतो, एवढें सांगितलें कीं तेथला माणूस ती वर्दी पैसा ज्या बँकेंत गेला तिच्याकडे तत्काळ धाडतो. पैसा तेथें असला तर बँक तो अडवून ठेवते. पुढच्या बँकेंत सरकला असेल तर वर्दीहि त्याच्या मागें सरकते. जुन्या काळचा ऑपरेटर जणूं पुन्हा मधें येऊन बसला आहे. फोन लागेना, तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर हीच तक्रार लिहितां येते. फोनवर वर्दी दिली असली तरी सविस्तर तक्रार तेथें नोंदवावीच. आपल्या बँकेलाहि त्याच वेळीं कळवावें आणि कळविल्याची नोंद मागून घ्यावी. रिझर्व्ह बँकेनें ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानें असें घालून दिलें कीं, ग्राहकाची चूक नसतां तिऱ्हाइतानें पैसे काढले आणि त्यानें तीन कामकाजाच्या दिवसांत कळविलें, तर नुकसान त्याच्या माथीं येऊं नये. आणि त्याच्या हलगर्जीनें गेले असले तरी कळविल्यानंतरचें नुकसान बँकेनें सोसावें.

पैसे गेले नाहींत, पण फोन मात्र संशयास्पद आला, तर? बहुतेक लोक फोन आपटतात आणि विसरतात. तसें न करतां 'संचार साथी' या दूरसंचार खात्याच्या संकेतस्थळावर 'चक्षु' नांवाची सोय आहे, तेथें तो क्रमांक व वेळ नोंदवावी. ही सोय मार्च २०२४ मध्यें सुरू झाली. अशा नोंदींवरून तपासणी होऊन सिम बंद केलीं जातात. आपण वांचलों तरी त्या क्रमांकाचा पुढचा फोन शेजाऱ्याला असतो.

वर्दीचा उपयोग होतो का, असें विचारणारे आहेत. ऑगस्ट २०२४ मध्यें लुधियान्याच्या एका वयोवृद्ध उद्योगपतींना खोटें सर्वोच्च न्यायालय दाखवून सात कोटि रुपयांना लुबाडण्यांत आलें. चित्रध्वनीवर खोटे सरन्यायाधीश बसविले होते! या गृहस्थांनीं अब्रूचा विचार बाजूस सारून थोड्याच दिवसांत पोलिसांना कळविलें, आणि त्यांचे सव्वापांच कोटि परत मिळाले. देशभराचा हिशेब जुलै २०२५ पर्यंतचा असा कीं, १७ लाख ८२ हजार तक्रारींत मिळून ५,४८९ कोटि रुपये चोरांच्या हातीं जाण्यापासून वांचले. गेलेल्या रकमेपुढें हा आंकडा लहान आहे, हें खरें. त्याचें एक कारण यंत्रणेचा तोकडेपणा. दुसरें कारण मला माझ्या मित्राच्या ओसरीवर दिसलें.

पैसे गेल्याचें दुसऱ्याच दिवशीं त्यांच्या लक्षांत आलें होतें. पण ते अकरा दिवस गप्प राहिले. मीं विचारलें, "अहो, निदान मला तरी सांगायचें होतें." ते म्हणाले, "कोणत्या तोंडानें सांगूं? तीस वर्षें मुलांना ताळा पाहायला शिकविलें, आणि आपला ताळा पाहिला नाहीं." दिल्लीच्या त्या रोखपालाला निदान पावती मागायची होती, म्हणून तो त्याच दिवशीं वर गेला आणि सगळें उघडकीस आलें. माझ्या मित्राला पावती मागण्यासारखी जागाच नव्हती. बोलूं नको असें चोरानें बजावलें होतें, आणि चोर निघून गेल्यावर तेंच काम शरमेनें केलें.

बाराव्या दिवशीं आम्ही दोघे पोलीस ठाण्यांत गेलों. तेथल्या तरुण अंमलदारानें आम्हांला बसविलें, पाणी दिलें, एकहि टोमणा न मारतां सगळें लिहून घेतलें, आणि चार खात्यांचा माग काढण्यासाठीं वर्दी पाठविली. तीन खातीं पहिल्या दिवशींच रिकामीं झालेलीं होतीं. त्यांतलें एक कोणा रोजंदारीवरच्या मजुराचें निघालें. चौथ्या खात्यांत एकेचाळीस हजार रुपये अडकलेले सांपडले. तक्रारीची प्रत हातीं आली तेव्हां मित्रानें ती दोनदां वाचली, तिच्यांतल्या रकमांची बेरीज बोटांवर एकदां करून पाहिली, आणि घडी घालून चष्म्याच्या घरांत ठेवून दिली.